गाडीखाली वाकून पाहताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



दिल्लीच्या वाहन प्रदर्शनाला जायचं म्हणून मी बॅग भरायला घेतली, की आमच्या घरात एक प्रश्न हमखास विचारला जातो. मागच्या खेपेला तो मुलीनं विचारला. ती आमच्या कारखान्याचे हिशेब पाहते, त्यामुळे खर्चाबद्दल बोलायचा तिला अधिकारच आहे. ती म्हणाली, "बाबा, कुठली गाडी आली, कशी दिसते, कितीला मिळते, सगळं मोबाइलवर त्याच मिनिटाला कळतं. मग तिकीट, हॉटेल, चार दिवस काम बंद, हे कशासाठी?"

मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर उत्तर मला लगेच सुचलं नाही. आजचं भाषण म्हणजे त्या उत्तराचा प्रयत्न आहे, असं समजा.

आधी माझी ओळख. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत माझी एक शेड आहे. आम्ही दुचाकीचे छोटे सुटे भाग बनवतो. शाफ्ट, बुश, पिन, स्पिंडल अशी त्यांची नावं. रस्त्यावरून मोटारसायकल जाते तेव्हा तुम्हाला तिचा रंग दिसतो, आरसा दिसतो, फार तर चालवणाऱ्याचा तोरा दिसतो. आमची वस्तू कुणालाच दिसत नाही. ती इंजिनच्या पोटात तेलात बुडालेली असते. शिवाय आम्ही थेट मोठ्या कंपनीला माल देत नाही. मोठ्या कंपनीला माल देणारा एक कारखाना असतो, त्याला आम्ही देतो. म्हणजे या वरातीत आम्ही घोड्याच्याही मागे, बत्ती धरून चालणारे.

ही वरात आमच्या गावात आली १९८५ साली. त्या वर्षी वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि तेव्हाच्या औरंगाबादचा चेहरा बदलला. तोवर आमची ओळख वेरूळ-अजिंठ्याची, हिमरू शालींची. नंतर ती स्कूटर, रिक्षा आणि मोटारसायकलींचीही झाली. कारखान्याभोवती पुरवठादार उभे राहिले. त्यांतले काही, एंड्युरन्स आणि व्हॅरॉकसारखे, परदेशापर्यंत पोचले. २००१ साली शेंद्र्याला स्कोडाच्या मोटारी तयार होऊ लागल्या. आणि या मोठ्या झाडांच्या सावलीत माझ्यासारखी शेकडो छोटी झुडपं वाढली. पंधरा-वीस माणसं, पाच-सहा यंत्रं आणि बँकेचा एक हप्ता, एवढाच ज्यांचा संसार.

मी पहिल्यांदा दिल्लीच्या ऑटो एक्स्पोला गेलो तो १९९८ च्या जानेवारीत. हे प्रदर्शन १९८६ पासून प्रगती मैदानावर भरत होतं. मनमाडहून गाडी पकडली. अंगात दोन स्वेटर आणि पिशवीत डझनभर नमुने. त्या वर्षी टाटांची इंडिका पहिल्यांदा लोकांसमोर आली होती. भारतात आखलेली आपली मोटार म्हणून तिच्याभोवती अशी गर्दी, की पंढरपूरची आठवण व्हावी. मीही रांगेत घुसलो. तासाभरानं दर्शन झालं आणि धन्य होऊन बाहेर आलो.

बाहेर चहाच्या टपरीवर राजकोटचे एक वयस्कर कारखानदार भेटले. माझ्या पिशवीतले नमुने त्यांनी हातात घेऊन निरखले आणि विचारलं, "काय पाहिलंत?" मी इंडिकाचं वर्णन सुरू केलं. त्यांनी मला मध्येच थांबवलं. म्हणाले, "अहो, समोरून गाडी बघायची ती विकत घेणाऱ्यानं. आपण खाली वाकून बघायची. तिच्यात काय आहे ते बघा, आणि त्याहून जास्त, काय नाही ते बघा. कालपर्यंत असलेला एखादा भाग आज दिसला नाही, तर तो बनवणारा कुणीतरी दोन वर्षांनी घरी बसणार आहे. तो आपण नसलो म्हणजे झालं."

हे वाक्य मी गाठीशी बांधलं. त्या दिवसापासून मी प्रदर्शनात वाकून चालतो. कपडे मळतात, स्टॉलवरची मुलं संशयानं पाहतात, पण समजायचं ते समजतं.

२००८ च्या जानेवारीत त्याच मैदानावर नॅनो आली. एक लाखाची मोटार म्हणून साऱ्या जगाचं लक्ष तिच्याकडे होतं. लोक किंमत पाहत होते, मी वायपर पाहत होतो. तो एकच होता. पुढे ती रस्त्यावर आली तेव्हा तिच्या चाकाला तीनच नट असल्याचं पाहिलं. इतर बहुतेक मोटारींना चार किंवा पाच असतात. आता विचार करा, एका नटामागे किती कारखान्यांची चूल पेटते! ग्राहकाला वाचलेला पैसा दिसतो, आम्हाला वाचलेला नट दिसतो. दोघांचंही खरं असतं.

वाहन उद्योगात भाग असे जातच असतात. माझ्या शेडची सुरुवात स्कूटरच्या किकच्या शाफ्टवर झाली. पुढे लोकांनी स्कूटर सोडून मोटारसायकल धरली आणि २००९ च्या अखेरीस बजाजनं स्कूटर बनवणं थांबवण्याचं जाहीर केलं. तोवर आम्ही मोटारसायकलच्या कामाकडे वळलो होतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि बहुतेक दुचाकींमधून कार्ब्युरेटर गेला, त्याच्या जागी इंधन फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. पण या सगळ्या बदलांत एक गोष्ट कायम होती. इंजिन होतं. एका इंजिनचा शाफ्ट गेला तर दुसऱ्या इंजिनचा मिळायचा. लेथ तीच, माणसं तीच, फक्त ड्रॉइंग बदलायचं.

दरम्यान प्रदर्शनंही बदलत होती. २०१४ साली दिल्लीच्या प्रदर्शनाचे दोन भाग झाले. गाड्या गेल्या ग्रेटर नोएडाला आणि सुटे भाग राहिले प्रगती मैदानावर. जागा अपुरी पडत होती, हे खरंच होतं. पण पूर्वी इंडिका पाहायला आलेला एखादा शाळकरी मुलगा चुकून आमच्या दालनात शिरायचा आणि गिअर हातात घेऊन पाहायचा. ते बंद झालं. गाडी एका गावात आणि तिचं पोट दुसऱ्या गावात, असा प्रकार.

मग मोठ्या कंपन्याच येईनाशा झाल्या. २०२० मध्ये बजाज, हीरो, टीव्हीएस यांचे नेहमीचे स्टॉल नव्हते. कोरोनामुळे २०२२ चं प्रदर्शन पुढे गेलं आणि २०२३ च्या जानेवारीत भरलं. तेव्हा स्कोडासुद्धा नव्हती. मंडळी, माझ्या मनाची अवस्था बघा. आमच्या गावाची जगाला ओळख करून देणारी ही दोन नावं आणि देशाच्या सगळ्यात मोठ्या वाहन प्रदर्शनात दोन्हींचा पत्ता नाही. लग्नाला जावं आणि आपल्याच घरची माणसं मांडवात दिसू नयेत, तसं वाटलं.

अर्थात हे आपल्याकडेच घडलं असं नाही. जर्मनीतलं फ्रँकफर्टचं जगप्रसिद्ध मोटार प्रदर्शन २०२१ पासून म्युनिकला गेलं. टोकियोच्या प्रदर्शनानं २०२३ मध्ये नावातून 'मोटार' हा शब्दच काढून 'मोबिलिटी' घातला. जिनिव्हाचं प्रदर्शन १९०५ पासूनचं. २०२० मध्ये ते ऐन वेळी रद्द झालं, २०२४ मध्ये पुन्हा भरलं आणि त्याच वर्षी आयोजकांनी ते कायमचं बंद करत असल्याचं जाहीर केलं. शंभर वर्षांहून जुनी जत्रा उठली.

कारण सोपं आहे. स्टॉलसाठी मोठा खर्च करायचा, आणि शेजारी आणखी वीस जणांनी आपापली गाडी त्याच दिवशी दाखवायची. त्यापेक्षा कंपनी स्वतःचा कार्यक्रम करते. तो इंटरनेटवर लाखो लोक घरबसल्या पाहतात आणि त्या दिवशी बातमी फक्त तिचीच असते. माझी मुलगी म्हणत होती ते अगदी बरोबर होतं. नुसती गाडी पाहायला प्रदर्शनात जायची गरज उरलेली नाही.

पण २०२३ च्या त्याच प्रदर्शनात मला जे दिसलं, ते मोबाइलवर दिसलं नसतं.

त्या वर्षी मी एकटा गेलो नव्हतो. आमच्याकडे एक जुने टर्नर आहेत, गंगापूर तालुक्यातले. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणतो. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. ज्या गाड्यांसाठी आयुष्यभर शाफ्ट ओढले, त्या गाड्यांची जत्रा त्यांनी एकदा पाहावी, म्हणून मी त्यांना सोबत घेतलं. सचखंड एक्स्प्रेसनं आम्ही गेलो.

मोठ्यांनी रिकाम्या ठेवलेल्या जागा विजेवरच्या दुचाकी बनवणाऱ्या नव्या कंपन्यांनी भरल्या होत्या. पुण्याची टॉर्क होती, बंगळुरूची अल्ट्राव्हायोलेट होती, आणखीही बऱ्याच होत्या. एका स्टॉलवर आतली रचना दिसावी म्हणून एक स्कूटर मधोमध कापून ठेवली होती. मामा तिच्यासमोर गुडघे टेकून बसले. खिशातून चष्मा काढला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग बोट फिरवत हळूहळू मोजू लागले. बॅटरी. मोटर. कंट्रोलर. चार्जर. वायर. मला म्हणाले, "साहेब, यात आपलं काहीच नाही की."

मी म्हटलं, "नीट बघा मामा."

आम्ही दोघांनी पुन्हा पाहिलं. त्या वेळी आमच्या शेडमध्ये अकरा प्रकारचे भाग बनत होते. पिस्टन नाही, क्लच नाही, गिअरबॉक्स नाही, किक नाही, सायलेन्सर नाही. अकरापैकी दोन सापडले. स्टँडची पिन आणि मागच्या सस्पेन्शनचा बुश. बाकी नऊ भागांना त्या स्कूटरमध्ये बसायला जागाच नव्हती. चेतक हे नाव २०२० मध्ये विजेवरच्या स्कूटरच्या रूपानं परत आलं तेव्हा मला केवढा आनंद झाला होता! आता लक्षात आलं, नाव परत आलं होतं, किक परत आली नव्हती.

परतीच्या गाडीत मामा खिडकीकडे तोंड करून बसले होते. भुसावळ मागे पडल्यावर म्हणाले, "माझं तर झालं साहेब. पोरांचं काय करायचं ते बघा." पोरं म्हणजे आमच्या शेडमधले चौदा कामगार. त्यांतल्या सहा जणांना मामांनीच लेथवर उभं केलं होतं.

श्रोतेहो, हा अनुभव मोबाइल देत नाही. मोबाइल तुम्हाला कंपनीला जे दाखवायचं आहे ते दाखवतो. जे नाही ते पाहायला गुडघे टेकावे लागतात.

घरी आल्यावर मी काय केलं? पहिले दोन महिने काहीच केलं नाही. ऑर्डरी चालू होत्या, पेट्रोलवरच्या मोटारसायकली खपत होत्या, आजही खपतात. 'एवढ्यात काही होत नाही' असं सांगणारे पुष्कळ जण भेटले आणि ते ऐकायला बरं वाटायचं. पण त्याच वर्षी एका ग्राहकाचं पत्र आलं. एका शाफ्टची मागणी पुढच्या तिमाहीपासून निम्म्यावर. अकरापैकी एक भाग निम्मा झाला होता. मला ती कापलेली स्कूटर आठवली.

मग मी प्रदर्शनाला जाण्याची पद्धत बदलली. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत भारत मोबिलिटी या नावाखाली प्रदर्शन भरलं. गाड्या प्रगती मैदानावरच्या भारत मंडपममध्ये आणि सुटे भाग द्वारकेच्या यशोभूमीत. या वेळी स्कोडा परतली होती, ते पाहून बरं वाटलं. पण मी गाड्यांना अर्धाच दिवस दिला आणि यशोभूमीत दोन दिवस काढले. पूर्वी मी कॅटलॉगांची पिशवी भरून आणायचो आणि ती वर्षभर माळ्यावर पडून राहायची. या वेळी पिशवी नेलीच नाही. प्रत्येक स्टॉलवर एकच प्रश्न विचारला, "तुम्हाला कोणता भाग वेळेवर किंवा हव्या त्या दर्जाचा मिळत नाही?"

या प्रश्नाला माणसं फार मोकळेपणानं उत्तर देतात. आपली तक्रार ऐकणारा कुणाला नको असतो? मोटर बनवणाऱ्या एका तरुण इंजिनिअरनं मला बसायला खुर्ची दिली आणि अर्धा तास मोटरच्या शाफ्टबद्दल सांगितलं. हा शाफ्ट मिनिटाला हजारो फेरे फिरतो. तो मायक्रॉनच्या हिशेबात सरळ आणि तोललेला हवा. जरा चुकला तर मोटर आवाज करते आणि बेअरिंग लवकर जातं. पेट्रोलच्या इंजिनाच्या आवाजात जी चूक लपून जाते, ती इथे ऐकू येते. मी म्हटलं, "शाफ्ट तर आम्ही तीस वर्षं ओढतो." तो म्हणाला, "काका, ओढता हो, पण मोजता कशानं?"

हा प्रश्न मला झोंबला, आणि उपयोगी पडला. आम्हाला यंत्र कमी पडत नव्हतं, मोजमाप कमी पडत होतं. आणि ते शिकायला दूर जायची गरज नव्हती. वाळूजमध्येच मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे. चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे. या संस्थांच्या दारावरून मी वर्षानुवर्षं जात-येत होतो, आत मात्र क्वचितच गेलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते हेच. आमच्या दोन पोरांना आम्ही मोजमापाच्या शिक्षणाला घातलं. नमुना पाठवला, तो नापास झाला. चूक आमचीच होती. दुसरा पाठवला, तो पास झाला. आज महिन्याला थोडे शाफ्ट त्या कामाचे जातात. एकूण धंद्यात त्यांचा वाटा अजून किरकोळ आहे. यशोगाथा म्हणावी असं त्यात काही नाही. नऊ भागांच्या जागी एक आला आहे, एवढंच.

आता थोडं आपल्या गावाबद्दल. २०२४ च्या जानेवारीत लघुउद्योजकांच्या मसिआ या संघटनेनं शेंद्र्याच्या ऑरिक वसाहतीत मोठं औद्योगिक प्रदर्शन भरवलं होतं. तिथे मी माझा स्टॉल लावला होता. दिल्लीची झगमग तिथे नव्हती, पण एक गोष्ट होती. आयटीआयची मुलं शिक्षकांबरोबर रांगेनं येत होती. एका मुलानं शाफ्ट उचलून विचारलं, "काका, हे कसं बनवतात?" मी त्याला बोट फिरवून फिनिश पाहायला सांगितलं. त्यानं डोळे मिटून बोट फिरवलं. ज्याला हे सुचतं तो चांगला टर्नर होतो. मी त्याच्या शिक्षकांचा नंबर घेतला.

त्याच वर्षी मोठ्या बातम्या आल्या. बिडकीनला एथर एनर्जीनं विजेवरच्या दुचाकींचा कारखाना जाहीर केला, वर्षाला दहा लाख दुचाकींच्या क्षमतेचा. टोयोटा किर्लोस्करनं राज्य सरकारशी सुमारे वीस हजार कोटी रुपयांचा सामंजस्य करार केला. जेएसडब्ल्यूच्या विजेवरच्या वाहनांच्या प्रकल्पाचीही घोषणा झाली. गावात जमिनीचे भाव वाढले, पेढे वाटले गेले. मलाही आनंद झाला. पण मोठा कारखाना आला म्हणून छोट्याला काम आपोआप मिळत नाही. १९८५ नंतर आमच्या आधीच्या पिढीला ते मिळालं, कारण स्कूटरला काय लागतं ते त्यांनी शिकून घेतलं. या गाड्यांना काय लागतं ते आपण शिकलो नाही, तर कारखाना आपल्या गावात आणि सुटे भाग परगावाहून, असंही होऊ शकतं. ते टाळायचं असेल तर प्रदर्शनात फुगे आणि सेल्फीच्या पलीकडे जायला हवं.

म्हणून माझी एक विनंती आहे. तुमच्या गावात असं प्रदर्शन भरलं तर मुलांना घेऊन जा. गाडीसोबत फोटो जरूर काढा. मग त्यांना गाडीच्या खाली पाहायला सांगा. एखाद्या छोट्या स्टॉलवर थांबून त्या माणसाला विचारा, की तुम्ही काय बनवता आणि ते कुठे बसतं. तो माणूस दिवसभर हाच प्रश्न कुणीतरी विचारेल म्हणून उभा असतो. हे मी अनुभवानं सांगतो.

आता राहिलं मुलीला द्यायचं उत्तर. ते मी दिलंच नाही. २०२५ ला तिलाच सोबत नेलं. पहिल्या दिवशी ती खर्च लिहीत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला शोधत होतो आणि ती सापडेना. शेवटी एका स्टॉलवर विजेवरच्या रिक्षाखाली डोकं घातलेली दिसली. मी हाक मारली तर आतूनच म्हणाली, "बाबा, एक मिनिट थांबा, मी मोजतेय."

मी थांबलो.